अपेंडिक्स फुटलं तर घाई कुठे करायची आणि कुठे नाही

आमच्याकडे पोट दुखलं की आधी आदल्या दिवशीच्या जेवणाची चौकशी होते. मे महिना असेल तर फणसावर खापर, गणपती असतील तर मोदकांवर, बाकी वर्षभर मासळीवर. मग बेंबी सरकली का ते पाहायला वाडीतली कुणी जाणती बाई येते, पोटाला तेल लागतं, रात्री एरंडेल. सकाळी मेडिकलमधून आणलेली ॲसिडिटीची गोळी. हे सगळं आटोपून पेशंट माझ्या टेबलावर येतो तेव्हा बहुतेक वेळा तिसरा दिवस उजाडलेला असतो.

मी सिंधुदुर्गातल्या एका तालुक्याच्या गावी सर्जरी करते. वेळेत सापडलेल्या साध्या अपेंडिक्सबद्दल फार सांगण्यासारखं नाही: ऑपरेशन होतं, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी माणूस घरी जातो. हे लिहितेय ते फुटलेल्या, कुजलेल्या किंवा पोटात गोळा करून बसलेल्या अपेंडिक्सबद्दल. आणि लिहितेय ते नातेवाइकांसाठी, कारण या दुखण्यातले अर्धे निर्णय वॉर्डाबाहेरच्या बाकावर होतात. माझा अनुभव असा की माणसं घरी वेळ काढतात आणि दवाखान्यात पोचल्यावर घाई करतात. नेमकं उलट हवं.

घरी असताना

अपेंडिक्सचं दुखणं सहसा बेंबीभोवती सुरू होतं, नेमकं कुठे ते सांगता येत नाही असं. काही तासांनी ते उजवीकडे खाली उतरतं आणि मग एका बोटाने जागा दाखवता येते. बेंबी आणि कमरेच्या उजव्या हाडाचं पुढचं टोक यांच्यात रेघ ओढली, तर हाडाकडून एक तृतीयांश अंतरावरची ती जागा. न्यूयॉर्कच्या मॅकबर्नी नावाच्या सर्जनने ती १८८९ साली नोंदवली, आम्ही आजही तिथेच बोट ठेवतो. भूक मरते. उलटी होते ती दुखणं सुरू झाल्यावर. आधी उलट्या-जुलाब आणि मग कळ, असा क्रम असेल तर पोटाचा साधा संसर्ग असण्याची शक्यता जास्त. ताप सुरुवातीला बारीकच असतो.

घरच्या घरी करून बघण्यासारखी एक गोष्ट आहे. पेशंटला खोकायला सांगा, लहान मूल असेल तर जागच्या जागी उडी मारायला सांगा. उजव्या बाजूला हात धरून कळवळला तर रिक्षा बोलवा. आणि रिक्षात बसल्यावरही लक्ष ठेवा. इंग्लंडमधल्या एका हॉस्पिटलात डॉक्टरांनी पेशंटना विचारलं होतं, की येताना गतिरोधकावरून गाडी गेली तेव्हा दुखलं का? २०१२ साली छापलेल्या त्या अभ्यासात अपेंडिक्सचं दुखणं असल्याचं पुढे सिद्ध झालेल्या ३४ जणांपैकी ३३ जणांना दुखलं होतं. आमच्या रस्त्यांवर ही परीक्षा वाडीपासून हायवेपर्यंत अखंड चालू असते. मात्र ज्यांना अपेंडिक्सचं दुखणं नव्हतं त्यांच्यातल्याही बऱ्याच जणांना दुखलं होतं. म्हणजे खड्ड्यात दुखलं नाही तर थोडा दिलासा घ्या, दुखलं म्हणून निदान पक्कं झालं असं नाही.

आता फसवणारा भाग. सुजलेल्या अपेंडिक्समध्ये पू दाबून भरलेला असतो. ते फुटलं की दाब जातो आणि पेशंटला काही तास खरंच हलकं वाटतं. “आता बरा वाटता” म्हणून माणूस उठून बसतो, चहा मागतो. घरातली माणसं सुटकेचा नि:श्वास टाकतात आणि निघालेली गाडी परत फिरवतात. काही तासांनी दुखणं पोटभर पसरतं, ताप चढतो, नाडी जोरात पळते, जीभ कोरडी पडते, पोट हाताला कडक लागतं. दोन दिवस जोरात दुखणारं पोट औषधाशिवाय अचानक शांत झालं, तर ती दवाखाना गाठायची वेळ आहे. दुखणं सुरू झाल्यापासून पहिल्या दीड दिवसात फुटण्याचं प्रमाण कमी असतं, पुढे ते वाढत जातं. घाई करायची ती या दीड दिवसात.

एरंडेल, एनिमा, जुलाबाची गोळी अजिबात नको. आतड्याला हलवून सोडलं तर फुटायला आलेलं अपेंडिक्स फुटायला मदतच होते. पोट चोळू नका, गरम पाण्याची पिशवी ठेवू नका. दुखणं थांबवणाऱ्या इंजेक्शनबद्दल मात्र लोकांत उगाच भीती आहे. डॉक्टरने पोट तपासलं, कागदावर लिहिलं आणि मग वेदनाशामक दिलं तर निदान चुकत नाही. पोटाला हातही न लावता इंजेक्शन टोचून घरी पाठवलं तर मात्र तो दिवस वाया गेला समजा.

निघताना पेशंटला चहा-बिस्कीट देऊ नका. “उपाशी कसा नेऊ?” हे प्रेम भूलतज्ज्ञाला महागात पडतं. घन अन्न पोटात गेलं की भूल देण्याआधी साधारण सहा तास थांबावं लागतं, नुसत्या पाण्याला दोन तास. शेवटचं काय खाल्लं आणि किती वाजता, एवढं लक्षात ठेवून या.

पाच वर्षांखालची मुलं, साठीपुढची माणसं, मधुमेही आणि गरोदर बायका यांच्या बाबतीत वरचे सगळे नियम आणखी कडक करा. पोटातली चरबीची झालर, जिला आम्ही ओमेंटम म्हणतो, ती मोठ्यांमध्ये फुटलेल्या जागेवर जाऊन बसते आणि पू अडवते. लहान मुलांत ती तोकडी असते. मुलाला सांगताही येत नाही. म्हणून मोठ्या माणसांत साधारण चारातलं एक अपेंडिक्स फुटलेल्या अवस्थेत सापडतं, तर पाच वर्षांखालच्या मुलांत निम्म्याहून जास्त. म्हाताऱ्यांचं पोट उलट फार गाजावाजा करत नाही. गरोदरपणात गर्भाशय वाढतं तसं अपेंडिक्स वर सरकतं, दुखणं बरगडीखाली येऊ शकतं आणि सगळे ते पित्तावर ढकलतात.

कुठे जायचं

ज्या दवाखान्यात सर्जन, भूलतज्ज्ञ आणि रात्री सोनोग्राफी या तिन्ही गोष्टी आहेत, तिथे. आधी फोन करून विचारा, यात लाज कसली? १०८ ची गाडी मोफत आहे. कुणी ओरोसच्या जिल्हा रुग्णालयात किंवा रत्नागिरीला जातं, सावंतवाडी-दोडामार्गकडची माणसं गोव्यात बांबोळीच्या सरकारी मेडिकल कॉलेजला जातात, कुणी घाट चढून कोल्हापूर गाठतं. पावसाळ्यात घाटात दरड कोसळली तर तो रस्ता धरू नका, हे सांगावं लागू नये, पण लागतं.

लांब जायचं असेल तर जवळच्या डॉक्टरकडे थांबून तीन गोष्टी करून घ्या: हाताला सलाईन, शिरेतून अँटिबायोटिकचा पहिला डोस, आणि कोणतं औषध किती वाजता दिलं याची चिठ्ठी. त्यात अर्धा तास जाईल. फुटलेल्या पोटाचा पेशंट औषध-पाणी सुरू होऊन तीन तासांनी पोचला तर आम्हाला काम करता येतं. कोरडा पडून दीड तासात पोचला, तरी पुढचे काही तास त्याला सावरण्यात जातातच.

रेशन कार्ड आणि आधार कार्ड बरोबर घ्या. सरकारी आरोग्य योजनेत बसतं का ते तिथल्या आरोग्यमित्राला, म्हणजे दवाखान्यात योजनेचं काम बघणाऱ्या माणसाला, दाखल होतानाच विचारायचं, बिल झाल्यावर नाही.

निदानाच्या वेळी वाद घालू नका

सोनोग्राफीच्या कागदावर “अपेंडिक्स दिसले नाही” असं लिहिलेलं असतं. त्याचा अर्थ अपेंडिक्सला काही झालं नाही असा होत नाही. आतड्यात वारा भरला असेल किंवा पेशंट जाड असेल तर ते दिसतच नाही. अशा वेळी सीटी स्कॅन सांगितला तर तो डॉक्टरचं पोट भरायला सांगितलेला नाही. फुटलेल्या अपेंडिक्समध्ये तर पू कुठे आहे, गोळा केवढा आहे, आत शौचाचा खडा अडकलाय का, हे सीटीवर कळतं आणि पुढचा सगळा बेत त्यावर ठरतो.

वयात आलेल्या प्रत्येक मुलीची लघवीची प्रेग्नन्सी टेस्ट आम्ही करतोच. यावरून वडील भडकतात, “मुलीचं लग्न व्हायचंय अजून” म्हणतात. नळीत राहिलेला गर्भ, पीळ पडलेली बीजांडकोशाची गाठ आणि अपेंडिक्स एकाच जागी दुखतात, आणि पहिल्या दोन्हींत तासांचा प्रश्न असतो. चाचणी सगळ्यांची होते, संशय कुणावरच नसतो. शिवाय आपल्या भागात पावसाळ्यात लेप्टो (उंदरांच्या लघवीतून पसरणारा ताप) असतो, टायफॉइड असतो, उजव्या बाजूच्या आतड्याचा क्षयही दिसतो. हे सगळे अपेंडिक्सची नक्कल करतात. म्हणून रक्ताच्या चार जास्त बाटल्या भरल्या तर कुरकुर करू नका.

तीन रूपं, आणि तिन्हींची घाई वेगळी

सर्जनला विचारायचा पहिला प्रश्न हा: “कोणत्या प्रकारचं आहे?” उत्तर ढोबळमानाने तिनातलं एक असतं.

पहिलं, अपेंडिक्स कुजलंय पण अजून भोक पडलेलं नाही. हे लवकर काढायचं. रात्री दोन वाजता आणलं आणि सकाळी आठला ऑपरेशन ठेवलं तर कुणी हयगय केली असं होत नाही, मधल्या वेळात औषध चालू असतं.

दुसरं, फुटलंय आणि पू पोटभर पसरलाय. ऑपरेशन आजच. पण आजच म्हणजे या क्षणी नव्हे. आधी सलाईन, अँटिबायोटिक, नाकातून नळी, लघवीची नळी. लघवी पुरेशी उतरायला लागली, नाडी जरा खाली आली की मग टेबलावर. या दोन-चार तासांत बाहेरच्या बाकावर जो आरडाओरडा होतो तो मी वर्षानुवर्षं ऐकतेय. कोरड्या, रक्तदाब पडलेल्या माणसाला भूल देणं हाच मोठा धोका असतो. ते तास पेशंटच्या उपचारातच मोजायचे.

तिसऱ्या रूपाबद्दल सविस्तर सांगते, कारण भांडणं तिथे होतात. चार-पाच दिवस घरी काढलेला पेशंट येतो. उजवीकडे खाली हाताला गोळा लागतो. आतडी आणि ओमेंटम यांनी मिळून फुटलेल्या अपेंडिक्सला वेढा घातलेला असतो, मध्ये कधी पू साठलेला असतो. शरीराने स्वतः बंदोबस्त केलाय. या गोळ्यात हात घालणं म्हणजे सुजलेल्या, एकमेकांना चिकटलेल्या आतड्यांतून अपेंडिक्स शोधणं. टाका घालायला गेलं तर बरक्या फणसाच्या गऱ्यात दोरा ओवल्यासारखं होतं, धरतच नाही. अपेंडिक्स काढायला गेलेल्या सर्जनला कधी मोठ्या आतड्याचा उजवा भागच काढावा लागतो.

म्हणून इथे आम्ही थांबतो. पेनाने पोटावर गोळ्याची कड आखतो, शिरेतून अँटिबायोटिक देतो, नाडी-ताप दिवसातून अनेकदा लिहितो आणि रोज बघतो, गोळा रेघेच्या आत येतोय की बाहेर. पुवाची पोकळी तीन-चार सेंटिमीटरहून मोठी असेल तर सोनोग्राफीत बघत सुईने पू काढायचा किंवा बारीक नळी ठेवायची. दहातले साधारण नऊ गोळे असे बसतात. नाडी वाढत गेली, गोळा मोठा झाला, पोट सगळीकडे दुखायला लागलं तर बेत बदलतो आणि पोट उघडावं लागतं.

“मग आम्ही आणला कशाक? कापून टाका एकदाचा!” हे वाक्य मी मालवणीत, मराठीत आणि मुंबईहून फोनवर बोलणाऱ्या मोठ्या भावाच्या तोंडून हिंदीत ऐकलंय. कापणं सोपं आहे हो. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत हात मुरलेले काही सर्जन असा गोळासुद्धा पहिल्याच भेटीत काढतात आणि मोठ्या केंद्रांत त्याचे परिणाम चांगलेही आलेले आहेत. तिथे रात्रीची सोय, रक्त, मदतीला दुसरा सर्जन, आयसीयू सगळं हाताशी असतं. तुमचा सर्जन “मी थांबतो” म्हणत असेल तर तो आपल्या हाताचा आणि आपल्या दवाखान्याचा हिशेब करून बोलतोय, त्याचं ऐका.

मोबाइलवर फिरणाऱ्या मजकुराबद्दलही इथेच सांगते. “अपेंडिक्स गोळ्यांनी बरं होतं” हे साध्या अपेंडिक्सपुरतं काही अंशी खरं आहे. अमेरिकेत २०२० साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत नुसत्या अँटिबायोटिकवर ठेवलेल्यांपैकी सुमारे २९ टक्के लोकांचं ९० दिवसांत ऑपरेशन करावंच लागलं. आत खडा असलेल्यांत ते प्रमाण ४१ टक्के होतं. पोटभर पू झालेले पेशंट त्या चाचणीत घेतलेलेच नव्हते. तेव्हा तो मजकूर घेऊन फुटलेल्या पेशंटच्या उशाशी बसू नका.

ऑपरेशन थिएटरच्या आत काय होतं

दुर्बिणीने की उघडून, हा प्रश्न लोक खर्चाच्या अंगाने विचारतात. फुटलेल्या अपेंडिक्समध्ये दुर्बिणीचा खरा फायदा जखमेचा आहे. मोठा छेद घेतला की पू त्या छेदातूनच बाहेर येतो आणि जखम पिकते. तीन लहान भोकांत ते प्रमाण बरंच कमी होतं. दुसरा फायदा म्हणजे ओटीपोटाच्या तळाला, यकृताखाली, आतड्यांच्या घड्यांमध्ये दडलेला पू दिसतो आणि ओढून घेता येतो. पोटात थोडा पू राहून नंतर गळू होण्याचं प्रमाण दुर्बिणीत किंचित जास्त असल्याचं जुन्या अभ्यासांत दिसायचं, आता हात बसल्यावर तो फरक फारसा उरलेला नाही. गंमत म्हणजे दुर्बिणीने पहिलं अपेंडिक्स काढलं ते १९८० साली जर्मनीतल्या कील गावच्या कुर्ट झेम या स्त्रीरोगतज्ज्ञाने, आणि तिथल्या सर्जन मंडळींनी त्याच्यावर भरपूर टीका केली. आज त्याच्याच पद्धतीवर आमचं निम्मं काम चालतं.

आत गेल्यावर आधी पू ओढायचा. मग चिकटलेलं ओमेंटम हळूच सोडवायचं. मोठ्या आतड्यावरच्या तीन पट्ट्या जिथे एकत्र येतात तिथे अपेंडिक्सचं मूळ असतं, कितीही गोंधळ असला तरी त्या पट्ट्या धरून गेलं की ते सापडतं. रक्तवाहिनी बंद करायची, मुळाशी दोऱ्याचे फास टाकायचे, कापायचं आणि पिशवीत घालून बाहेर काढायचं. मूळच कुजलेलं असेल तर फास धरत नाही. मग आतड्याच्या निरोगी भागावर स्टेपलर लावायचा किंवा टाके घालायचे. इथेच ऑपरेशन पाऊण तासाचं अडीच तासांचं होतं, बाहेर कुणी सांगत नाही आणि बाकावर जप सुरू होतो. फुटलेल्या अपेंडिक्समधून निसटलेला शौचाचा खडा शोधून बाहेर काढणं हे मला अपेंडिक्स काढण्याइतकंच महत्त्वाचं वाटतं. तो आत राहिला की महिन्या-दोन महिन्यांनी त्याच्याभोवती परत पू धरतो.

पोट धुणं आणि नळी ठेवणं, या दोन बाबतींत आम्ही शिकलो त्यापेक्षा आता वेगळं करतो. आमच्या वेळी पोट बाटल्यांवर बाटल्या सलाईनने धुवायचे आणि नळी ठेवल्याशिवाय पोट शिवायचं नाही. नंतरच्या चाचण्यांत दिसलं की नुसता पू नीट ओढून घेतला तरी परिणाम तेवढेच चांगले, धुण्याने जास्तीचा फायदा नाही. नळीनेही पुढची गळवं टळत नाहीत, उलट मुक्काम वाढतो. घट्ट भिंतीची पुवाची पोकळी असेल किंवा मुळाच्या टाक्यांची खात्री वाटत नसेल तर मी ठेवते, एरवी नाही. नातेवाईक मात्र शेजारच्या खाटेवरच्या पेशंटची नळी बघून येतात आणि विचारतात, “आमच्या माणसाक नळी नाय घातल्यात?” जणू ताटात एक पदार्थ कमी वाढला.

दुर्बिणीने सुरू केलेलं ऑपरेशन मध्येच छेद घेऊन पूर्ण करावं लागलं तर बिघडलं असं समजू नका. सर्जनला पुढचं दिसेनासं झालं आणि त्याने शहाणपणाने पोट उघडलं, एवढंच.

सही करण्याआधी हे विचारून घ्या. फुटलंय की गोळा आहे? दुर्बिणीने जमलं नाही तर छेद कुठे घेणार? आतड्याचा भाग काढावा लागण्याची शक्यता किती? आयसीयू लागलं तर इथे आहे की हलवावं लागेल? नंतर रोज कोण बोलणार? आणि तुमच्यातल्याही एकानेच बोला. दहा जणांनी दहा वेळा विचारलं की उत्तरं बदलल्यासारखी वाटतात.

वॉर्डातले दिवस

आता धीर लागतो. साध्या अपेंडिक्सचा पेशंट दुसऱ्या दिवशी जेवतो, फुटलेल्याचं आतडं दोन-चार दिवस संपावर असतं. पोट फुगतं, उलटी येते, नाकातली नळी हिरवं पाणी काढत राहते. आम्ही रोज सकाळी एकच विचारतो: वारा सरला का? यात हसण्यासारखं काही नाही, त्यावर जेवण अवलंबून आहे. उलटी नसेल आणि पोट मऊ असेल तर वारा सरण्याआधीही घोट घोट पाणी सुरू करता येतं. मग निवळ पेज, मऊ भात. सोलकढी प्यायची असेल तर मिरची-लसूण न घालता, आणि ती तिसऱ्या-चौथ्या जेवणाला. माशाचं तिखलं चार दिवस थांबू शकतं.

दुसऱ्या दिवशी पेशंटला खाली उतरवा. टाके तुटतील म्हणून घरची माणसं त्याला झोपवून ठेवतात. झोपून राहण्याने छातीत कफ साठतो, पायात रक्ताच्या गुठळ्या होतात आणि आतडं उशिरा जागं होतं. पोटावर उशी दाबून धरायची, खोकायचं आणि वॉर्डभर चालायचं.

अँटिबायोटिक किती दिवस? पूर्वी आठ-दहा दिवस चालायचं. पोटातल्या संसर्गावरच्या २०१५ सालच्या अमेरिकी चाचणीत पू नीट काढलेला असेल तर चार दिवस पुरतात असं दिसलं. २०२३ साली नेदरलँड्समधल्या अभ्यासात फुटलेल्या-कुजलेल्या अपेंडिक्सच्या ऑपरेशननंतर दोन दिवस आणि पाच दिवस यांची तुलना केली, तेव्हा दोन दिवसांचं औषध कमी पडलं नाही. आमच्याकडे पेशंट उशिरा येतात म्हणून मी तीन ते पाच दिवस देते, आणि ताप, भूक, रक्ताचा रिपोर्ट बघून बंद करते. “आणखी स्ट्राँग इंजेक्शन लिहा” असा आग्रह धरू नका.

तिसऱ्या ते पाचव्या दिवशी जखम लाल झाली, दुखायला लागली तर दोन टाके काढून पू जाऊ द्यायचा. बघायला वाईट दिसतं, बरं होतं छान. रोज ड्रेसिंग, मधुमेह असेल तर साखर ताब्यात. व्रण थोडा रुंद राहतो, तेवढंच.

घरी सोडल्यावरची खरी परीक्षा

आता जे सांगते ते फ्रीजच्या दारावर लावा. फुटलेल्या अपेंडिक्सच्या ऑपरेशननंतर दहातल्या एखाद-दुसऱ्याच्या पोटात परत पू साठतो, आणि तो बहुतेकदा पाचव्या ते दहाव्या दिवसाच्या आसपास कळतो. म्हणजे पेशंट तेव्हा घरी असतो. उतरलेला ताप परत येतो. भूक परत जाते. आणि ओटीपोटाच्या तळाला पू असेल तर सारखी शौचाला लागते, थोडी थोडी, शेंबडासारखी, लघवीलाही वारंवार जावंसं वाटतं. घरच्यांना वाटतं, बाहेरचं खाल्लं म्हणून पोट बिघडलं, आणि जुलाब थांबवायची गोळी दिली जाते. ऑपरेशननंतरच्या पंधरा दिवसांत ताप आणि असे जुलाब एकत्र आले तर गोळी न देता सरळ सर्जनकडे या. सोनोग्राफी होईल, बहुतेकदा नळीने किंवा नुसत्या औषधाने भागेल, परत पोट उघडायची वेळ क्वचितच येते. इथे मात्र पुन्हा घाई करायची.

कामाचं म्हणाल तर दुर्बिणीनंतर दोन-तीन आठवड्यांनी हलकी कामं, मोठा छेद असेल तर जड उचलणं चार ते सहा आठवडे बंद. आंब्याच्या पेट्या, जाळी ओढणं, माडावर चढणं, दुचाकी घेऊन कातळावरून जाणं, हे सगळं जडमध्येच धरा. मुंबईला परत जायचं तर रेल्वेने बसून जा, बॅग दुसऱ्याला उचलू द्या. पुढे कधीही, अगदी वर्षांनी, पोट फुगून उलट्या सुरू झाल्या आणि वारा सरेनासा झाला तर आतडं कुठेतरी चिकटून अडलेलं असू शकतं. तेव्हा जुनं ऑपरेशन आठवणीने सांगा.

मुलीचं अपेंडिक्स फुटलं तर आई बाजूला घेऊन हळू आवाजात विचारते, पुढे मूल होईल ना? स्वीडनमध्ये अपेंडिक्स काढलेल्या हजारो मुलींचा पुढे अनेक वर्षं मागोवा घेतला गेला, त्यात लहानपणी फुटलेल्या अपेंडिक्समुळे मूल होण्यात अडथळा आल्याचं दिसलं नाही. हे लग्न ठरवणाऱ्यांनाही सांगायला हरकत नाही.

काढलेला तुकडा तपासायला जातो. तो रिपोर्ट आणायला लोक येतच नाहीत. शंभरातल्या एखाद्यात त्यात गाठ निघते, बहुतेक बारीक आणि निरुपद्रवी, पण काहींना पुढचं ऑपरेशन लागतं. पैसे भरलेत, रिपोर्ट घेऊन जा.

आणि ज्यांचा गोळा नुसत्या औषधाने बसवला, त्यांची कथा इथे संपत नाही. अपेंडिक्स अजून आत आहे. चाळिशीच्या आत असाल आणि परत त्रास नसेल तर काढायचं की नुसतं लक्ष ठेवायचं हे सर्जनशी बोलून ठरवता येतं. चाळिशी ओलांडली असेल तर मी आग्रह धरते. फिनलंडमध्ये अशाच बसलेल्या गोळ्यांच्या ६० पेशंटवर चाचणी सुरू होती. २०१९ साली तिचे निष्कर्ष आले तेव्हा कळलं की ती मध्येच थांबवावी लागली होती, कारण मधल्या टप्प्यातच १७ टक्के पेशंटच्या अपेंडिक्समध्ये गाठ सापडली, आणि ते सगळे चाळिशीपुढचे होते. म्हणून सहा-आठ आठवड्यांनी सीटी, मोठ्या आतड्याची दुर्बिणीने तपासणी आणि अपेंडिक्स काढणं. नेमके तेव्हाच आंबे उतरवायचे असतात, मग भात लावायचा असतो, मग गणपती येतात. तारीख डिस्चार्जच्या दिवशीच घेऊन जा.

डिस्चार्ज कार्डाचा फोटो काढून घरातल्या दोघांच्या मोबाइलमध्ये ठेवा. त्यावर “अपेंडिक्स काढले” असं लिहिलंय की “पू काढला, अपेंडिक्स काढलेले नाही” असं, ते वाचून खात्री करा आणि लिहिलेलं नसेल तर लिहून घ्या. पोटावर व्रण असलेला माणूस पाच वर्षांनी दुसऱ्या गावात उजवीकडे दुखतंय म्हणून जातो, “माझं अपेंडिक्स झालंय” म्हणून सांगतो, आणि समोरचा डॉक्टर त्या व्रणाकडे बघून ते मान्य करतो.